बेल्टविना

पेणच्या दुकानात पुंडलिककाकांनी जुन्या कॅसेट डेकमधला चाक फिरवणारा, डांबरासारखा वितळलेला बेल्ट खरवडून काढला.

"आय गेली, आवाज तेवढा या कॅसेटमध्ये राहिलाय," गडब गावची नम्रता म्हणाली. "जपून हां, काका."

"चाळीस वर्षं हेच करतोय गो."

नवा बेल्ट लावण्याआधी त्यांनी सवयीप्रमाणे कॅसेट घालून डेक चालू केला आणि चाक बोटानं फिरवलं. जड, घोगरा आवाज निघाला. पापड लाटता लाटता आई शेजारणीला टोमणे मारत होती. नम्रता रडत हसली.

बोट दुखलं, तसा काकांनी हात काढला. चाक थांबलं. आवाज थांबला नाही.

"नम्रता, पुरे आता. दमले गो मी. काकांना सांग, बेल्ट नको."

काकांनी नम्रताकडं पाहिलं.

ती डोळे पुसत म्हणाली, "बेल्ट लावा तुम्ही, काका."