दाराचा हुकूम

खंडेनवमीला सरकारी दवाखान्यात सगळ्या अवजारांची पूजा झाली. दारावरच्या नव्या परदेशी कॅमेऱ्याच्या भिंगालाही शिपायाने कुंकू लावलं. कॅमेऱ्याला ते रक्त वाटलं आणि धोका समजून त्याने दार आपोआप बंद करून टाकलं.

बाहेर रिक्षात कोमल बाळंतकळांनी तळमळत होती.

"उघडा की ते दार," आतून मंदाकिनी सिस्टर म्हणाल्या.

"उघडायचा हुकूम तिकडच्या कंपनीतून यावा लागतो," अधीक्षक म्हणाले. "आज तिकडे सुट्टी आहे."

"आपल्या दवाखान्याचं दार त्यांना विचारून उघडायचं? असल्या करारावर सही केलीतच कशी तुम्ही?"

सिस्टरांनी पूजेतला हातोडा उचलला आणि दाराची काच फोडली.

कोमलचं बाळ रडल्यावर त्या परत दाराशी आल्या. भिंगावरचं कुंकू त्यांनी बोटाने निपटलं आणि हातोड्याला लावलं.