पहिला इशारा

दिस कलला तसा अक्षदाचा जीव वरखाली होऊ लागला. उसातल्या कॅमेऱ्यांना बिबट्या दिसला की डिंगोरे गावातल्या प्रत्येक मोबाइलवर इशारा देणारं ॲप तिनंच बनवलं होतं. पण ते नव्या सर्व्हरवर चढवताना ॲप चढवणारं टूल फोटो साठवायच्या जागेच्या सेटिंगमधला एक पर्याय नाकारत होतं. तोवर इशारे बंद, आणि वडील उसाला पाणी भरायला गेलेले. "थाळी बडवू का गं? आवाजानं लांब तरी राहील त्यो," आईनं तिसऱ्यांदा विचारलं. "थांब ना आई, होतंय आता!" अक्षदा खेकसली. मग तिच्या ध्यानात आलं, जुन्या सर्व्हरच्या सेटिंगमधून जसाच्या तसा उतरवलेला तो पर्याय नव्या सर्व्हरच्या टूलला ठाऊकच नव्हता. तिनं तो खोडला आणि ॲप चाललं. मिनिटाभरात फोटो आला. उसातल्या विहिरीपाशी बिबट्या! इशारा गेला, आणि घरात चार्जिंगला लावलेला वडिलांचा मोबाइल वाजला. अक्षदा थाळी बडवत धावली.