बाटली संपली की

सहादेवनं पिशवीतून बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. जांभळाच्या बियांची पूड, थोडी मेथी घातलेली, झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद लावून गच्च बसवलेली. एरवी ती टेबलाला टेकायच्या आत त्याची बहीण छबूबाई उचलून घ्यायची. आज ती जागची हलली नाही. समोर बसलेल्या रविराजनं, तिच्या मुलानं, टीव्ही बंद केला.

छबूबाईनं ओळखलं. पोरगा आता बोलणार. सकाळपासून ती त्याची मनधरणी करत होती, की मामाला काही सांगू नकोस, मी बाटली कपाटात ठेवून देते, पूड खाणार नाही. पण रविराज म्हणजे सरळ माणूस, आणि सरळ माणसाला गप्प बसवणं देवालाही जमत नाही.

त्याचं तरी काय चुकलं? परवा बाई घामाघूम होऊन ओट्यापाशी खाली बसली, हातपाय लटपटायला लागले. सून निकितानं तोंडात साखर कोंबली आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. शुगर पार खाली गेलेली. डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा निघालं, की रोजची गोळी चालू होतीच, आणि दिवसाला एक चमचा घ्यायची पूड ही बया तीन-तीन वेळा घेत होती, तीही शिगोशीग. बाईंनी कपाळाला हात लावला. गोळी चालू ठेवा, पूड आजपासून बंद, म्हणाल्या. शुगर लवकर उतरावी म्हणून घेतली का, असं विचारलं तर छबूबाई पिशवीत चष्मा शोधू लागली.

शुगरचं कुणाला पडलंय! तिला बाटली संपवायची होती. बाटली संपली की फोन कर, मी दुसरी घेऊन येतो, असं सहादेवचं ठरलेलं होतं. तिसगावात एकटा राहणारा, जन्माचा भिडस्त माणूस. बहीण झाली तरी तिच्या घरी नुसतं बसायला कसं जायचं, हा त्याचा प्रश्न. भाऊबीज सोडली तर त्यानं कधी सावेडीतल्या या घराचा जिना चढला नव्हता. तिला शुगर निघाली, पूड सुरू झाली, तसा तो येऊ लागला. लोक शुगर निघाली की रडतात, छबूबाईला ती पावली होती. पूड मोरीत ओतूनही फोन करता आला असता. पण भावानं उन्हात बिया वाळवून, खलबत्त्यात कुटून आणलेली वस्तू मोरीत ओतायला हात धजला नाही. मग खाऊनच संपवायची, दुसरं काय?

रविराजनं सांगितलंच. मामा, राग मानू नका, म्हणत चक्कर, दवाखाना, डॉक्टरीणबाई गोळीच्या जोडीनं पूड नको म्हणाल्या ते, सगळं सांगितलं. आईनं तीन-तीन वेळा का घेतली, ते मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं.

सहादेवनं ऐकून घेतलं. "माझ्या हातनं झालं म्हन की," एवढंच म्हणाला आणि बाटली परत पिशवीत ठेवली. निकितानं चहा आणला, तो दोन घोटांत संपवला. मग टोपी नीट केली आणि एसटी सापडली पाहिजे म्हणून उठला. एरवी तो जेवून, म्हशीचं, बांधाचं, गावातल्या लग्नांचं सांगत तिन्हीसांजेपर्यंत बसायचा.

"बस की दादा," छबूबाई म्हणाली.

"आता काय काम हाय?"

तो रागानं बोलला नव्हता. खरंच काही काम उरलं नव्हतं. छबूबाईला भडभडून आलं. आता भाऊबीजेलाच यायचा. आणि दोघांच्याही वाट्याला भाऊबिजा अशा कितीशा उरल्या होत्या?

"दादा, माझं गुडघं लई दुखत्यात रं," ती एकदम म्हणाली.

रविराजनं चमकून आईकडं पाहिलं. तो तोंड उघडणार तेवढ्यात निकितानं त्याच्या पायावर पाय दिला.

सहादेव दारात थांबला. "कवापासनं?"

"झालं की बरंच. जिना उतरवत न्हाई. आपल्याकडं काय मिळतं का त्याच्यावर?"

"निरगुडी हाय की. वढ्याला रान माजलंय तिचं."

त्याचा चेहरा जरा उजळला. पाला तव्यावर गरम करून बांधायचा, पोटात काही घ्यायचं नाही, हे त्यानं रविराजकडं बघून दोनदा सांगितलं. फक्त पाला ताजा लागतो, म्हणाला. एकदम भारा आणून ठेवायची सोय नाही, थोडा थोडाच आणावा लागेल.

"ताजाच लागतो व्हय?" छबूबाईनं पुन्हा विचारलं.

"ताजाच."

चपला घालून तो जिना उतरू लागला. त्याला खालपर्यंत सोडायला छबूबाई मागोमाग निघाली. पहिलं वळण तर ती भराभरा उतरलीसुद्धा. खालून सहादेवनं वर पाहिलं, तशी ती थबकली. तिनं कठडा धरला, एक पाय खालच्या पायरीवर टेकला आणि दुसरा ओढत त्याच पायरीवर आणला. कण्हायचं मात्र राहून गेलं.

सहादेव तेवढ्या पायऱ्या परत चढून आला. पिशवी खांद्याला अडकवली.

"धर," म्हणाला, आणि हात पुढं केला.

छबूबाईनं तो धरला आणि उरलेल्या सगळ्या पायऱ्या हळूहळू उतरली.