नाकातलं वजन

"काका, मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं," चष्मेवाला म्हणाला.

"आधी वैमानिकाची खुर्ची," कप्तान म्हणाले. "गोंद लावताना बोलायचं नाही. हात हलतो."

चष्मेवाल्याने मुकाट्याने चिमटा उचलला.

टेबलावर नौदलाच्या विमानाच्या किटचे सुटे भाग पसरले होते. कप्तानांनी उभ्या नोकरीत हेच विमान जहाजावरून उडवलं आणि भर समुद्रात, हलत्या डेकवर उतरवलं होतं. निवृत्तीनंतर ते त्याच्या हातभर प्रतिकृती बनवत आणि लेकीने घरी आणलेल्या प्रत्येक मुलाला त्याच टेबलाशी बसवत. माणूस तोंडाने फसवतो, हातांनी नाही, हे त्यांचं ठाम मत.

पहिल्या मुलाने कॉकपिटच्या काचेवर गोंदाचा अंगठा उठवला. गेला. दुसऱ्याचं काम बिनचूक होतं, पण कप्तानांच्या प्रत्येक वाक्याला त्याचं 'हो काका' ठरलेलं. तोही गेला. त्यानंतर दोन दिवस लेक बापाशी बोलली नव्हती.

आज तिसरा बसला होता, चष्म्याचं दुकान चालवणारा, आणि मायलेकी मात्र खुशीत होत्या. सकाळीच दोघी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या आणि तेव्हापासून स्वयंपाकघरात नुसती खसखस पिकली होती. कप्तानांना बरं वाटलं. दाताचं दुखणं गेलं की माणूस हलका होतो.

खुर्ची जागेवर बसली. गोंदाचा एक थेंब बाहेर नाही. भिंगं घासून घासून तयार झालेले हात ते. कप्तान मनातून खूश झाले, पण चेहरा कोराच ठेवला. खरी परीक्षा पुढेच होती.

त्यांनी विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग पुढे सरकवले. "लाव गोंद. टाक मिटवून."

चष्मेवाल्याने भाग तळहातावर तोलले आणि खाली ठेवले. "नाही लावत."

"का?"

"नाक रिकामं आहे, काका. वजन घातलं नाही तर उभं करताच शेपटीवर बसेल."

"हे विमान मी उडवलंय की तू?"

"तुम्हीच. पण बसेल शेपटीवरच."

स्वयंपाकघरातलं हसणं थांबलं. कप्तानांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग हळूच खिशात हात घातला, लपवलेल्या शिशाच्या गोळ्या काढल्या आणि त्याच्यासमोर ठेवल्या.

"घाल नाकात," ते म्हणाले.

चष्मेवाल्याने धड मिटवलं, पंख जोडले, डेकवरच्या तारेत अडकून विमान थांबवणारा नखाएवढा आकडा शेपटीखाली बसवला.

"काका, आता तरी—"

"चाकं."

"बाबा, त्यांचं ऐकून तरी घ्या," दारातून लेक म्हणाली.

"विमान उभं राहू दे. मग बोलेना का रात्रभर."

दिवेलागणीला विमान तीन चाकांवर ताठ उभं राहिलं. कप्तानही उठले. बायकोला हाक मारली, लेकीला समोर बोलावलं, घसा साफ केला.

"डेकवर उतरताना निर्णय एका क्षणात घ्यावा लागतो. मी घेतलाय. माझी चूक माझ्या तोंडावर सांगणारा माणूस या घरात कोणीच नव्हता. तो आज मिळाला." त्यांनी चष्मेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "या लग्नाला माझी परवानगी आहे. हं, आता बोल. काय सांगायचं होतं?"

चष्मेवाल्याने लेकीकडे पाहिलं. लेकीने छताकडे.

"तेच, काका. लग्न झालं आमचं. आज सकाळी, नोंदणी कार्यालयात."

कप्तानांचा हात खांद्यावरून खाली आला.

"कोणाला विचारून?" ते गरजले.

"मला," बायको म्हणाली.