व्यवसाय : काही नाही

थोरल्याने छातीचा दम मोजायच्या यंत्राच्या नळीत तिसऱ्यांदा फुंकलं. यंत्रावरचा काटा जेमतेम हलला. सर्व्हेवाल्या बाईंनी आकडा फॉर्मवर उतरवला आणि पुढचा प्रश्न विचारला.

"गेल्या तीस दिवसांत कुठे काम केलंत?"

"फरशीच्या कारखान्यात. दगड कापायला. चौदा वर्षं."

"गेल्या तीस दिवसांतलं विचारतेय, दादा."

गेल्या तीस दिवसांत त्याने पलंगावरून मोरीपर्यंत चालण्यापलीकडे काही केलं नव्हतं. कारखान्याची रीतच तशी होती. कोणी खोकायला लागला की मुकादम त्याच्या पाठीवर हात ठेवून प्रेमाने म्हणे, "जरा विश्रांती घे." ती विश्रांती कायमची असे. मागे उरत ते फक्त ठणठणीत गडी. थोरल्याला विश्रांती मिळून पाच महिने झाले होते.

"बाई, चौदा वर्षांचं तेवढं लिहाच," तो दम खात म्हणाला. "दगडाच्या धुळीने माझं व्हायचं ते झालं. पण धाकटा भाऊ अजून तिथेच आहे, माझ्याच मशीनवर. सांगून सांगून थकलो, ऐकत नाही. तुमच्या कागदावर छापून आलं तर ऐकेल."

बाईंना वाईट वाटलं. माणूस म्हणून त्या चांगल्याच होत्या. पण फॉर्मवर चौदा वर्षांना रकाना नव्हता, आणि रकान्याबाहेर लिहिलेलं कोणी वाचत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. 'व्यवसाय' या शब्दापुढे त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, काही नाही. थोरल्याच्या बायकोने दिलेलं पाणी प्यायल्या आणि शेजारच्या घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कारखान्यात पोचल्या. मशीनवर उभ्या असलेल्या एकेकाला त्यांनी नळीत फुंकायला लावलं. धाकट्याने काटा पार टोकाला नेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

इकडे थोरला निकालाच्या वाटेकडे डोळे लावून बसला. धाकट्याला खोकला लागायच्या आत तो कागद यावा, एवढंच त्याचं मागणं होतं. धाकटा संध्याकाळी भेटायला आला की तो आधी त्याचं बोलणं ऐकायचा नाही, श्वास ऐकायचा.

चार महिन्यांनी निकाल आला आणि तो आणला धाकट्यानेच. कारखान्याने त्याच्या प्रती काढून प्रत्येकाला एकेक वाटली होती. धाकटा पलंगाच्या कडेला टेकला आणि ओळींवर बोट ठेवून वाचू लागला. वस्तीत सगळ्यांत दमदार छाती कोणाची, तर फरशीच्या कारखान्यातल्या कामगारांची. सगळ्यांत कमजोर कोणाची, तर कामधंदा नसलेल्यांची. शिकल्यासवरल्या लोकांनी खाली निष्कर्षही काढून ठेवला होता. बेकारी माणसाच्या तब्येतीला मारक आहे.

थोरला काहीतरी बोलायला गेला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत धाकटा त्याची पाठ चोळत राहिला. भावावर त्याचा फार जीव होता. त्याचे डोळे भरून आले होते.

"दादा, तू उगाच कारखान्याला बोल लावत बसलास. घरी बसूनच तुझी छाती गेली बघ," तो म्हणाला. "मी मुकादमाच्या पाया पडून आलोय. पॉलिशला एक जागा रिकामी झालीय. बसून करायचं काम आहे. उद्यापासून ये."

ती तरी नको म्हणेल या आशेने थोरल्याने बायकोकडे पाहिलं. ती त्याचा कारखान्यात न्यायचा डबा घासायला घेत होती.