नारळावरचा ठेका

तिसरा वक्ता उठला तेव्हा माझं डोकं सणकलं. सत्कार संगीत नाटकांतल्या गायिका इंदूताईंचा आणि माइक मात्र या पुरुषांकडे. एकाला त्यांचा शालू आठवला, दुसऱ्याला डोळे. हा म्हणाला, "रंगमंचावर काय दिसायच्या हो!"

तेव्हा आम्ही बायका नाटकाला थिएटरात बायकांसाठीच्या माडीवर बसून त्यांच्या एकाच पदाला वन्स मोअर देत राहायचो आणि त्या दर वेळी ते नव्याने गायच्या. त्या गाण्याबद्दल कुणी बोलेना. ऐंशीच्या इंदूताई मांडीवर शाल-श्रीफळ घेऊन बसल्या होत्या. बोटं मात्र नारळावर ठेका धरत होती.

मी उभी राहून ओरडले, "वन्स मोअर!"

"आजी, बसा," निवेदक हसला. "अजून कुणी गायलेलंच नाही."

"मग त्यांना गाऊ द्या! का नुसतं बघायला बोलावलंय?"

इंदूताईंनी नारळ निवेदकाच्या हातात दिला आणि माइक ओढून घेतला. "माडीवरच्या ना तुम्ही?" त्या मला म्हणाल्या आणि तेच पद गायल्या.

वरचा सूर फाटला. आता पुरे म्हणून वक्त्यांनी घाईघाईने टाळ्या वाजवल्या.

मी अजून उभीच होते.

"वन्स मोअर!"