न चालणारी सही

हंबीररावांनी कागद उलटा केला आणि पाठीवरनं अंगठा फिरवला. रजिस्ट्रार कचेरीच्या आवारात टेबल टाकून दस्त लिहिण्यात त्यांची हयात गेली होती.

"शिवकुमारशेठ, ही सही न्हवं. हा सहीचा फोटो हाय. पेन दाबून सही केली की पाठीला वळ उठतोय. बघा हात फिरवून, लागतोय का काय?"

"आवो, बहिणीनंच केलीया! मस्कतला ईमेलनं कागद धाडला. तिनं सही करून, स्कॅन करून परत धाडला. मी मुद्दाम कलर प्रिंट काढली की, शाई निळी दिसावी म्हणून."

"दिसतीया की निळी. झ्याक दिसतीया. पर फोटोसंगं लगीन लागतंय व्हय?"

शेजारच्या टेबलावरचे दोघं-तिघं हसले. शिवकुमारला ते झोंबलं. गुळाच्या अडतीवर त्याला असं कुणी बोलत नसे.

"नवा कायदा झालाय म्हणं. कॉम्प्युटरवरची सही चालतीया."

"ती सही येगळी. आणि ती बी जागेच्या दस्ताला चालत न्हाय. हक्कसोडपत्र हाय हे. बहिणीनं सोता येऊन साहेबासमोर उभं ऱ्हायला पायजे."

वडिलांच्या, अप्पांच्या माघारी उचगावच्या घराला आणि दुकानाला मुलाबरोबर मुलीचंही नाव लागलं होतं. ते कमी करायचं होतं. बहिणी ते करून देतातच. साडीचोळी घेतात, सही करतात, डोळे पुसत हसतात आणि आपल्या घरी जातात. रीतच आहे, कोण काय बोलणार! पण शिवांजलीची गोष्ट निराळी. तिनं परजातीतला नवरा केला तेव्हा अप्पांनी तिला घराचा उंबरा बंद केला. अप्पा गेले तरी तो बंदच राहिला, कारण आता बंद ठेवायला शिवकुमार होता. ईमेलला मात्र उंबरा आडवा आला नाही.

बाकड्यावर शांतव्वा बसली होती. शिवकुमारची आई. तिचाही अंगठा हवा म्हणून तिला रिक्षात घालून आणलं होतं. इतका वेळ ती मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आता तिनं मान वर केली.

"म्हंजे यावं लागंल तिला?"

"यावं लागंल की आजी."

"हितं? कोल्हापुरात?"

"हितंच, ह्या टेबलाफुडं."

म्हातारी एकदम सरसावून बसली. "मग शेंगाच्या पोळ्या करून ठेवाय पायजेत. तिथं कुठल्या मिळायला! आणि पोरगं बी आणंल न्हवं संगं? त्याला ठेवून कशी येईल?" नातू तिनं अजून बघितला नव्हता. तो आपल्यागत दिसतो का बापागत, हेसुद्धा तिला कुणी सांगितलं नव्हतं. "शिवू, लाव की फोन. कवा येती इचार."

शिवकुमारनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो टेबलावर वाकला. "दुसरा मार्ग असंलच की काहीतरी."

हंबीररावांनी म्हातारीकडं बघितलं. मग चष्मा काढला, उगाचच पुसला आणि परत घातला. मार्ग होता. त्यांनी असे कैक दस्त लिहिले होते. सांगू नये असं त्यांच्या मनात येऊन गेलं, पण आपण नाही सांगितलं तर पलीकडचा टेबलवाला सांगेल.

"मुखत्यारपत्र," ते पुटपुटले. "तिथं आपली वकिलात असती. तिथं जाऊन तिनं तुमच्या बायकोच्या नावानं मुखत्यारपत्र करायचं. शिक्का मारून मूळ कागद कुरिअरनं धाडायचा. मग तिच्या जागी तुमची बायको उभी ऱ्हाईल."

"म्हंजे तिला यायची गरज न्हाय?"

"न्हाय."

"मग आदी सांगायचं न्हाय व्हय, राव!" शिवकुमार मोकळा हसला. त्यानं मोबाइल काढला आणि इंटरनेट कॅफेवाल्याला नवा मजकूर धाडायचा आहे म्हणून सांगू लागला.

शांतव्वाची मान परत खाली गेली. पदराचं टोक परत बोटाला गुंडाळलं गेलं. शिवकुमारचं बोलणं संपेपर्यंत ती थांबली.

"शिवू."

"काय अव्वा?"

"मला माती द्यायला तरी बोलावशील न्हवं तिला? का तवाबी मुखत्यारच उभा करायचा?"

शेजारच्या टेबलावर टाइपरायटर चालू होता, तो थांबला. शिवकुमारचा चेहरा लाल झाला. "काय बी बोलतीस अव्वा! लोकं बघत्यात. चल, रिक्षा आणतो," म्हणत तो तरातरा फाटकाकडं निघून गेला.

हाताला काम हवं म्हणून हंबीररावांनी तो प्रिंटचा कागद फाडायला उचलला.

"फाडू नगासा," शांतव्वा म्हणाली. "चालत न्हाय म्हणलासा न्हवं त्यो?"

"न्हाय आजी. काय उपयोगाचा न्हाय."

"मग मला द्या."

त्यांनी दिला. तिला वाचता येत नव्हतं. "सही कुठं हाय?" तिनं विचारलं. हंबीररावांनी बोट ठेवून दाखवलं. त्या जागेवर बोट तसंच धरून तिनं कागद उलटा केला आणि पाठीवरनं अंगठा फिरवला. एकदा फिरवला, परत फिरवला. फाटकाशी रिक्षा आली, शिवकुमारनं हाक मारली, तरी ती फिरवतच राहिली.

"लई हळू हातानं केलीया सही पोरीनं," ती म्हणाली.